छावणीच्या कुंपणाआडचा इतिहास

पुण्यात राहणाऱ्या माणसाला लष्कर नवे नाही. खडकी, दापोडी, घोरपडी, वानवडी, कॅम्प अशी नावे घेत घेतच आपण हे शहर ओळखायला शिकतो. 'पुढे प्रवेश नाही' अशी पाटी, चुन्याने रंगवलेले दगड, गणवेशातला पहारेकरी आणि त्याच्यामागे दाट झाडी, एवढेच त्या बाजूचे दर्शन बहुतेकांना होते. परंतु या कुंपणांच्या आत, किंवा कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, इंग्रजांनी आपल्या देशात आणि आपल्या माणसांना घेऊन परदेशात केलेल्या युद्धांच्या कितीतरी खुणा पडून आहेत, याची कल्पना फार थोड्यांना असते.

पदवीसाठी इतिहास हा विषय घेतल्यापासून मला एक प्रश्न पुनःपुन्हा पडत आला. जुन्या वसाहती युद्धांच्या रणभूमी, किल्ले, थडगी, स्मारके ही आजच्या लष्करी ठाण्यांच्या आसपासच इतकी का आढळावीत? हा निव्वळ योगायोग म्हणायचा की यामागे काही कारणे आहेत? माझ्या समजुतीप्रमाणे कारणे आहेत आणि ती सरळ आहेत. खडकी, अहमदनगर आणि कुलाबा या तीन ठिकाणांच्या आधारे ती मांडावी आणि मग थोडे दूर, अफगाणिस्तानात, डोकावून यावे असा या लेखाचा बेत आहे. मात्र ही कारणे शोधता शोधता माझ्यापुढे दुसरा एक प्रश्न उभा राहिला आणि तो मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटू लागला. या अवशेषांवर नावे कोणाची आहेत आणि कोणाची नाहीत, हा तो प्रश्न होय.

खडकी : जिंकणारा जेथे उतरला तेथेच राहिला

इ. स. १८१७ च्या पावसाळ्यानंतर दुसरा बाजीराव पेशवा आणि इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे संबंध विकोपाला गेले होते. इंग्रजांची पलटण तेव्हा पुण्याच्या पूर्वेला गारपिरावर होती. शहराला लागून असलेल्या या जागेवर मराठी फौजांचा वेढा पडणे सहज शक्य होते. म्हणून मुंबईहून युरोपियन पलटण येऊन मिळताच, नोव्हेंबरच्या आरंभी, एल्फिन्स्टनने तळ खडकीला हलवला. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. खडकीला मुळा नदीचा आधार होता, पाण्याची ददात नव्हती, समोर मोकळे मैदान होते. शिवाय कॅप्टन फोर्ड याची कवायती पलटण नदीपलीकडे दापोडीस होती, तिची मदत तासाभरात पोहोचू शकत होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारनंतर लढाईला तोंड लागले. पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले सेनापती होता. खुद्द बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. मराठी फौज पंचवीस हजारांच्या वर, तर कर्नल बर याच्या हाताखालची कंपनीची फौज तीन हजारांच्या आसपास होती. गणेशखिंडीच्या बाजूने मराठी घोडदळ दौडत निघाले, पण इंग्रजांच्या डाव्या बगलेसमोर पाणथळ दलदल होती. घोडी त्या चिखलात रुतली, हल्ल्याचा जोर मोडला आणि समोरून बंदुकांचा मारा सुरू झाला. जरीपटक्याचा मानकरी मोर दीक्षित याच लढाईत पडला. ज्या तोफेच्या माऱ्यात तो सापडला ती त्याचा मित्र फोर्ड याच्याच पलटणीची होती, असे ग्रँट डफने नोंदवून ठेवले आहे. अंधार पडताच लढाई थांबली. त्याच दिवशी मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली. त्या आगीत एल्फिन्स्टनची पुस्तके व कागदपत्रेही गेली. पुढे बारा दिवसांत, १७ नोव्हेंबरला, पुणे इंग्रजांच्या हाती पडले.

आता नकाशा समोर ठेवून पाहावे. १८१७ च्या नोव्हेंबरात फौज जेथे उतरली तेथे आज खडकीची छावणी आहे. १८६९ साली तेथेच दारूगोळ्याचा कारखाना निघाला. मुंबई सॅपर्सचे केंद्र तेथेच आहे. फोर्डची पलटण जेथे होती त्या दापोडीत १९४८ पासून लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्या गणेशखिंडीच्या बाजूने बापू गोखल्याचे घोडेस्वार उतरले, तेथे पुढे मुंबईच्या गव्हर्नराचा वाडा झाला आणि आज त्याच वाड्यात पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. विद्यापीठाकडून खडकीला जाणाऱ्या बसमधून मी रोज येतो-जातो. त्या बसच्या मार्गात पेशवाईचे भवितव्य ठरवणारे मैदान येते, हे सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या मित्रांनाच नवल वाटले होते.

पहिले कारण येथे हाती लागते. चांगला तळ आणि चांगली रणभूमी यांना साधारण एकच गोष्टी लागतात. त्या म्हणजे पाणी, मोकळी जमीन, चालू रस्ता, आणि शहरावर नजर राहील इतके जवळ पण शहराच्या गर्दीत अडकणार नाही इतके लांब असे अंतर. लढाई जिंकणारा पक्ष ज्या जागेवरून जिंकला ती सोडत नाही. तंबूंच्या जागी बराकी येतात, बराकींभोवती बाजार वसतो आणि राज्य बदलले तरी बराकी त्याच राहतात. १९४७ साली इंग्रज गेले, पण त्यांनी निवडलेल्या जागा आपल्या सैन्यालाही तितक्याच सोयीच्या होत्या.

अहमदनगर : बंद दरवाजाने जपलेला किल्ला

दुसरे ठिकाण अहमदनगर. २०२४ पासून या शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे. येथील भुईकोट किल्ल्याचा दगडी तट सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने बांधला. चांदबिबीने मोगलांशी दिलेल्या झुंजीमुळे तो आपल्याला शाळेपासून माहीत असतो. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात तो दौलतराव शिंद्यांकडे होता.

८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्ली (पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला) याने शहराच्या तटाला शिड्या लावून शहर घेतले. दोन दिवसांनी किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला आणि १२ ऑगस्टला किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. या वेळी पेशव्यांचे काही सरदार इंग्रजांच्या बरोबर होते, त्यांत बापू गोखलेही होता. इंग्रज सकाळी आले, तट पाहिला, तटावर चढून आतल्या लोकांना मारले आणि न्याहारीला परत गेले, अशा आशयाचे आश्चर्य त्याने पुण्याला कळवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तोच बापू गोखले चौदा वर्षांनी खडकीच्या मैदानावर त्याच कंपनीच्या फौजेसमोर उभा ठाकला, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन ठिकाणांचा धागा जुळतो.

वेलस्लीला किल्ला केवळ मानासाठी नको होता. पुण्याहून निजामाच्या मुलखाकडे जाणाऱ्या वाटेवर धान्य, दारूगोळा आणि बैल ठेवायला त्याला भक्कम ठाणे हवे होते. नगरच्या पाठबळावर तो पुढे सरकला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. पुढे याच किल्ल्याचा तुरुंगासारखा वापर झाला. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात पकडलेले बोअर कैदी येथे होते, पहिल्या महायुद्धात जर्मन लोक होते, आणि १९४२ च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेसचे नेते येथेच स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथे लिहिला. एका साम्राज्याच्या निरनिराळ्या खंडांतल्या युद्धांचे आणि लढ्यांचे कैदी एकाच खंदकाच्या आत ठेवले गेले, अशी जागा आपल्या राज्यात दुसरी क्वचितच असेल.

१९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र व शाळा नगरला आहे. १९९४ मध्ये तेथे रणगाड्यांचे संग्रहालयही उघडले. किल्ला लष्कराच्याच ताब्यात राहिला. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ज्या शहरतटावर ८ ऑगस्टला शिड्या लागल्या, तो बराचसा नाहीसा झाला आहे. दिल्ली दरवाजा, माळीवाडा वेस अशा काही वेशी तेवढ्या उरल्या. उलट, लष्कराच्या हातातला किल्ला तटबुरुजांसह आणि खंदकासह उभा आहे. बाहेरच्या तटाचे घडीव दगड लोकांच्या घरांच्या पायात जातात, रस्ता रुंद करताना वेस पाडली जाते, मोकळ्या जागेवर दुकाने येतात. लष्कराच्या हद्दीत हे होत नाही, कारण तेथे कोणालाच काही करू देत नाहीत. हे दुसरे कारण. छावणीने अवशेष जपले ते पुष्कळदा प्रेमाने नव्हे, तर दरवाजा बंद ठेवल्याने. पण जपले एवढे खरे.

या नियमाला एक गमतीदार अपवाद आहे. पुणे-नगर रस्त्यावरील शिरूर येथे एके काळी कंपनीची मोठी छावणी होती. ती कधीच उठली. तेथे १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेस याचे थडगे मात्र राहिले, कारण आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' मानून नैवेद्य दाखवीत असत, अशी नोंद गॅझेटियरमध्ये सापडते. पहारा उठला तर श्रद्धेने तरी राखण करावी लागते, असा याचा अर्थ.

कुलाबा : न मावलेली नावे

तिसरे ठिकाण मुंबईतले. कुलाब्याला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून छावणी आहे. आज त्याच टोकाला नौदलाची वसाहत, म्हणजे नेव्ही नगर, आणि नौदलाचे 'अश्विनी' रुग्णालय आहे. या लष्करी परिसरात एक उंच मनोऱ्याचे चर्च उभे आहे. त्याचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण मुंबईकर त्याला 'अफगाण चर्च' म्हणूनच ओळखतात. १८४७ साली त्याची कोनशिला बसली, १८५८ मध्ये ते वापरात आले आणि मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. मनोऱ्याची उंची सुमारे १९८ फूट असून बंदरात येणाऱ्या गलबतांना तो खुणेसारखा उपयोगी पडत असे.

मुंबईच्या टोकाला अफगाणिस्तानच्या युद्धाचे स्मारक का, असे कोणी विचारील. १८३९ साली इंग्रजांनी शाहशुजाला काबूलच्या गादीवर बसवण्यासाठी जी फौज पाठवली, तिचा एक भाग मुंबई इलाख्याचा होता. ही फौज समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरली आणि बोलन घाटातून वर गेली. त्या युद्धाचा शेवट सर्वश्रुत आहे. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून निघालेले सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फात आणि खिंडींत जवळजवळ नष्ट झाले. ती फौज मुख्यतः बंगाल इलाख्याची होती, तरी सिंध आणि कंदाहारच्या बाजूला मुंबईच्या पलटणींतील माणसेही लढाईत, उन्हात आणि रोगराईत मरत होतीच. १८४३ मध्ये सिंध खालसा झाले. या सर्व मोहिमांतील मृतांचे स्मारक म्हणून हे चर्च उभारले गेले.

चर्चमधील मुख्य लेखाचा आशय असा आहे : ज्यांची नावे वर भिंतींवर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि संख्या फार असल्यामुळे ज्यांची नावे अशी नोंदता आली नाहीत त्या हाताखालच्या नायक-हवालदारांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ हे मंदिर बांधले आहे, १८३५ ते १८४३ या काळातील सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत ते आपले कर्तव्य करीत रोगाने किंवा तलवारीने पडले.

'संख्या फार असल्यामुळे.' मी हे वाक्य वाचले तेव्हा बराच वेळ तेथून हललो नाही. भिंत काही लहान नव्हती. अधिकारी मोजके, म्हणून ते दगडावर मावले. मेले ते फार, म्हणून ते मावले नाहीत. जो वर्ग सर्वांत अधिक संख्येने मेला, त्याची संख्याच त्याला विसरण्याचे कारण ठरली. यात गोरे साधे शिपाईही आले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण डोलीवाले, भिस्ती, उंटवाले, घसकाटे यांचा तर या लेखात उल्लेखसुद्धा नाही. एका सैनिकामागे दोन-तीन बिनलढाऊ माणसे चालत असत, आणि ती कोणत्याच हजेरीपटात नीट मांडलेली नसत.

मुंबईच्या पलटणींत कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून, मोठी भरती होई. माझ्या आजोळच्या घराण्यातही 'एक जण पलटणीत गेला तो परत आला नाही' एवढीच आठवण सांगतात. कोणत्या युद्धात, कोठे, त्याचे नाव काय, हे घरात कोणालाही सांगता येत नाही. अशी घरे कोकणात आणि घाटावर शेकड्यांनी असतील. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

तिसरे कारण येथे दिसते. सैन्य आपल्या आठवणी आपल्याच वस्तीत बांधते. लढाई काबूलला झाली असली तरी स्मारक कुलाब्याला उभे राहते, कारण ज्यांनी ते पाहावे, ज्यांच्या मनावर ठसावे, ते सैनिक तेथे राहतात. आणि ते कोणी बांधले यावरून त्यावर कोणाचे नाव येणार हे ठरते.

कंदाहार : मातीतले काडतूस आणि बाजारातली बंदूक

कुलाब्याच्या चर्चवरून अफगाणिस्तानचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या अफगाण युद्धातील एका लढाईचे उदाहरण घेऊ. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद येथे अयूबखानाने इंग्रजी फौजेचा दणदणीत पराभव केला. इंग्रजांकडे अडीच हजारांच्या आसपास माणसे होती, त्यांपैकी साडेनऊशेहून अधिक त्या दिवशी मारली गेली. या फौजेत ६६ वी गोरी पलटण होती, तशीच मुंबईची पहिली ग्रेनेडियर पलटण, तिसावी म्हणजे जेकबची पलटण, मुंबईचे घोडदळ आणि मुंबई सॅपर्सची तुकडीही होती. हानीचे शेकडा प्रमाण ग्रेनेडियर्स आणि ६६ वी पलटण यांचे जवळजवळ सारखेच, साठांच्या वर होते. पुढे १८८६ मध्ये इंग्लंडातील रेडिंग शहरात एका प्रचंड सिंहाचा पुतळा उभारला गेला. त्या चौथऱ्यावर ६६ व्या पलटणीच्या अफगाणिस्तानात पडलेल्या ३२९ जणांची नावे आहेत. आपल्या शिपायांची नावे तेथे असण्याचे कारण नव्हते. पण त्यांना असा सिंह दुसरीकडेही मिळाला नाही. ग्रेनेडियर्सचा वारसा आज भारतीय सैन्यात आहे, जेकबच्या पलटणीचा वारसा पाकिस्तानच्या सैन्यात गेला. एकाच मैदानावर पडलेल्यांचे वारस दोन देशांत वाटले गेले.

दगडावर नसलेली गोष्ट कधी कधी धातू सांगतो. मैवंदला गोऱ्या पलटणीच्या हातात मार्टिनी-हेन्री बंदुका होत्या, तर हिंदी पायदळाकडे त्यांच्या आधीच्या पिढीतल्या स्नायडर बंदुका होत्या. १८५७ नंतर हिंदी शिपायाला गोऱ्याच्या बरोबरीचे शस्त्र द्यायचे नाही, असे धोरणच ठरले होते. दोन्ही बंदुकांची काडतुसे निराळी. मार्टिनीचे काडतूस पुढे अरुंद होणाऱ्या बाटलीसारखे असते, स्नायडरचे सरळ नळीसारखे. त्यामुळे जमिनीतून सरळ, रुंद काडतूस निघाले तर तेथे बहुधा हिंदी शिपाई उभा होता असे म्हणता येते. त्याचे नाव त्यावरून कळत नाही, पण तो तेथे होता, आणि त्याच्यावर पुरता विश्वास नसलेल्या सरकारसाठी लढत होता, एवढे कळते.

२००१ ते २०२१ या काळात अफगाणिस्तानात अमेरिकेच्या आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा होत्या. कंदाहारच्या विमानतळावर त्यांचे प्रचंड ठाणे होते. अशा ठाण्यांच्या बाजारांत परदेशी सैनिकांना 'जुन्या इंग्रजी बंदुका' विकायला येत. त्यांतल्या काही अस्सल असत, पण पुष्कळशा पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल आणि आसपासच्या कारागिरांनी घडवलेल्या नकला होत्या. त्या ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बंदुकीवर मुकुट आणि त्याखाली 'व्ही. आर.' म्हणजे व्हिक्टोरिया राणी ही अक्षरे कोरलेली असतात, आणि शेजारी सन पाहावे तर १९०१ नंतरचे! राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. काही नकलांवर इंग्रजी अक्षरे उलटी पडलेली असतात, कारण कोरणाऱ्याला ती वाचता येत नसत, तो केवळ आकार पाहून कोरी.

छावणी आणि अवशेष यांच्या शेजाराचे चौथे कारण यातून दिसते. ठाणे आले की गिऱ्हाईक येते, आणि गिऱ्हाईक आले की अवशेष जमिनीतून, घरांतून आणि भट्टीतूनही बाहेर येऊ लागतात. म्हणून ठाण्याजवळ मिळालेली प्रत्येक वस्तू त्या ठिकाणच्याच युद्धाची, असे मानून चालत नाही.

ज्या दगडाला नावे मिळाली

आतापर्यंतच्या उदाहरणांत साध्या शिपायाचे नाव कोठे आले नाही. ते आले असते तर काय झाले असते, याचे उत्तर पुण्यापासून फार दूर नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटन याच्या तुकडीची पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. ही तुकडी वर उल्लेखिलेल्या शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या मदतीला निघाली होती. तिच्यात मुंबईच्या पायदळाची एक पलटण होती आणि त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कंपनीने १८२१ साली तेथे विजयस्तंभाचा पाया घातला. त्या स्तंभावर इंग्रजी आणि मराठीत लेख आहेत आणि पडलेल्या हिंदी शिपायांची नावेही आहेत. त्यांपैकी वीसहून अधिक नावांच्या शेवटी 'नाक' आहे.

हा स्तंभ कंपनीने आपल्या विजयाच्या गौरवासाठी उभारला, हे उघड आहे. पण त्यावर नावे होती. पुढे १८९० च्या दशकात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या चाकरीचा दाखला देण्यासाठी लोकांपाशी दगडावर कोरलेला पुरावा होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले, आणि त्यानंतर त्या जागेचा अर्थच पालटला. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. त्या लढाईकडे कोणत्या बाजूने पाहावे याविषयी मतभेद असू शकतात, आहेतही. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की, कुलाब्याच्या भिंतीपेक्षा सुमारे पंचवीस वर्षे आधी नावे कोरता आली होती. ज्या दगडावर नाव असते त्याला वारस मिळतो. तो वारस त्या दगडाला बांधणाऱ्याच्या कल्पनेतही नसलेला अर्थ देऊ शकतो.

आज हे सांगण्याचे निमित्त

हा सर्व विषय आज मांडण्यास एक ताजे कारण आहे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या छावण्यांचे नागरी भाग जवळच्या नगरपालिका-महापालिकांत घालायचे आणि उरलेला भाग निव्वळ लष्करी ठाणे म्हणून ठेवायचा, असे धोरण केंद्र सरकारने आखले आहे. २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून त्याची सुरुवात झाली. छावणीत राहणाऱ्यांच्या दृष्टीने यात पुष्कळ सोयी आहेत. घर दुरुस्त करायला परवानगीसाठी खेटे घालण्याचा त्रास काय असतो, तो त्यांनाच ठाऊक. पण नगरच्या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. जी जागा आजवर बंद दरवाजामुळे टिकली, ती दरवाजा उघडल्यावर आपोआप टिकणार नाही. जुने दफनस्थान, मैलाचा दगड, पडक्या बराकीवरची पाटी यांची दखल कोणत्याच यादीत नसेल तर ती पहिल्या रस्तारुंदीत जाईल.

यासाठी आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. लष्करी हद्दीत परवानगीवाचून जाऊ नये आणि निषिद्ध जागेची छायाचित्रे काढू नयेत, हे आधी सांगायला हवे. तो कायद्याने गुन्हा आहे. जमिनीत जुना तोफगोळा दिसला तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे, कारण पोकळ गोळ्यातली दारू किती वर्षांनी धोका देईल याचा नेम नसतो. जमिनीत सापडलेले मौल्यवान जिन्नस जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असा १८७८ पासून कायदा आहे. वस्तू घरी आणली की तिच्या जागेचा पुरावा नष्ट होतो आणि मग ती नुसता जुना लोखंडाचा तुकडा उरते.

पण ज्या जागा खुल्या आहेत तेथे वही-पेन्सिल घेऊन जाता येते. चर्च, दफनभूमी, वेशी, गावचे वीरगळ, शाळेच्या भिंतीवरची महायुद्धाची पाटी, यांवरचा मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा. चुना फासून किंवा घासून अक्षरे 'स्पष्ट' करू नयेत. पाटीवर किती माणसांची नावे आहेत आणि किती नुसतीच संख्या आहे, हे वेगळे लिहावे. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेले विद्यार्थी आपल्या वर्गात आहेत. सुटीत घरी गेल्यावर पलटणीत गेलेल्या पूर्वजांविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, पेन्शनचा कागद, बिल्ला किंवा पदक पेटीत पडले असेल तर त्याची नोंद त्यांनी करावी. पहिल्या महायुद्धापासूनच्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. एवढ्या एका ओळीवरून पुढचा शोध सुरू होऊ शकतो.

आमच्या इतिहास मंडळाने येत्या वर्षी अशा नोंदींची एक वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायचे ठरवले आहे. तिच्यात डाव्या पानावर पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा लिहायचा आणि उजव्या पानावर गावात, घरात मिळालेली नावे लिहायची, अशी योजना आहे. पहिल्या डाव्या पानावर कुलाब्याच्या चर्चमधील लेख मी लिहून ठेवला आहे. त्याच्या समोरचे उजवे पान अद्याप कोरे आहे. ज्यांच्या घरी एखादे नाव असेल त्यांनी ते कृपया आणून द्यावे.